पायाळू

अकोल्याची डॉक्टरीण कण्याचे सांधे मोकळे करायला मला पालथं झोपवते, तेव्हा बाळापूरकडचं आमचं अंगण आठवतं. मी लहान होते, आम्ही बौद्ध होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. मी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली चमक निघते, असं सगळं गाव मानायचं. आई ज्यांच्या शेतात निंदायला जायची ते मालक एका सकाळी वाकतच आले आणि जवसाच्या तेलानं माखलेली पाठ उघडी करून पोत्यावर पालथे पडले. "जोरानं दे वं पोरी," ते कण्हत म्हणाले. मी टाच दाबली, कट्‌ असा आवाज झाला आणि ते हळूहळू सरळ उभे राहिले. मोठ्या माणसाला पाय लागला म्हणून मी नमस्काराला वाकले, तर त्यांनी झटकन पावलं मागे घेतली. "शिवू नोको," ते म्हणाले. महिन्याभरानं ते पुन्हा तसेच वाकत आले. आई दारात आडवी उभी राहिली. "मालक, पोरीचा हात नाही चालत तुमाले, तं पाय काहून पाह्यजे?" ते आल्या पावली परत गेले आणि दुसऱ्या दिवसापासून आईचं काम सुटलं. डॉक्टरीण म्हणते, पायाळूपणात काही नसतं. नसेलही, पण त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या आईची पाठ मी त्याआधी इतकी ताठ कधी पाहिली नव्हती.