पोखर्णीच्या तराजूत

परभणी स्टेशनात उतरलो तेव्हा उन्हं नुकती फलाटावर आली होती आणि माझे डोळे नेहमीसारखे सुजलेले होते. रोजच्या गोळीचा हा प्रसाद. माझ्या पोटात एका दुर्मिळ जातीचा कर्करोग गेली काही वर्षं मुक्कामाला आहे. अर्धं पोट कापून झालं, तर गाठी यकृतात निघाल्या. सध्या गोळीने त्यांना दमात घेतलंय. आजार इतका दुर्मिळ, की पुण्याच्या दवाखान्यात मी गेलो की शिकाऊ डॉक्टर नवरदेव पाहायला आल्यासारखे जमतात. एरवी मला कोण विचारतो?

मी निघालो होतो पोखर्णीला, नवस फेडायला. नवस मावशीचा. आई गेल्यापासून माझ्यावर तिचाच हक्क चालतो. मी आजारी पडलो तेव्हा तिने पोखर्णीच्या नरसिंहाला माझी गुळाची तुला कबूल केली (एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गूळ, तो गूळ मग वाटायचा). गेल्या महिन्यात तिने फोनवर विचारलं, "बरा हाईस नव्हं?" आपण सगळेच म्हणतो तसं त्या दिवशी मीही म्हणून गेलो, "बरा आहे." तिने फोन ठेवला आणि गूळ आणायला माणूस पाठवला.

बरा असणं आणि बरा होणं यांतलं अंतर फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही. पुढच्या आठवड्यात स्कॅन होता. आजार अंगात ठेवून नवस फेडायचा तर देवाला फसवल्यासारखं, आणि खरं सांगावं तर मावशीचं मन मोडणार. समोर बसून सांगू, असं ठरवून आलो.

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "जागरण झालं जणू?"

"नाही, औषधाने होतं." मग मी आजाराचं नाव सांगितलं.

"हे काय ऐकलं न्हाई बा आमी."

"कुणीच ऐकलेलं नसतं."

"मग तर लय मोठं काम हाय तुमचं," तो म्हणाला, आणि मला उगाच बरं वाटलं.

शहर मागे पडलं. काळ्या रानात कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, पलीकडे ज्वारी हुरड्याला आली होती. थंडीतलं हे ऊन मला फार आवडतं. रिक्षाच्या कडेला बसून मी चक्क गाणं गुणगुणत होतो.

मावशीने भाकरी, ठेचा आणि हुरडा मांडून ठेवला होता. "मावशी, एक सांगायचंय," म्हणून तोंड उघडलं की ती ताटात काहीतरी वाढायची.

"पाखरागत खायलास. आधी जेव, मंग सांग."

माझ्या अर्ध्या पोटात ते सगळं मावणार कुठून? जेवण उरलं, आणि सांगायचं तेही राहून गेलं.

देवळात मोठा तराजू टांगलेला. गावातली माणसं जमलेली. मावशीने गूळ आणला होता तो माझ्या जुन्या वजनाच्या हिशोबाने, मी गुटगुटीत होतो तेव्हाच्या. ढेपा ठेवल्याबरोबर ते पारडं खाली गेलं आणि मी पाय लोंबकळत वर.

"एक ढेप काढा," पुजारी म्हणाले.

"आणलेली माघारी न्हाई न्यायची," मावशी म्हणाली.

बायका पदराआड हसायला लागल्या. मीही हसलो आणि तसाच लटकत बोलून गेलो, "मावशी, मी बरा झालेलो नाही गं. गाठी आहेत अजून. राहणारच आहेत."

मावशी साखळीला धरून माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र ठणठणीत.

"मला काय कळत न्हाई व्हय? त्या आजाराचं नाव बी माझ्या जिभेवर येत न्हाई, देवाला काय सांगू? म्या इतकंच म्हणलं, आमचं लेकरू फोनवर सारखं 'चाललंय, चाललंय' म्हणायलंय, ते एकदा 'बरा हाय' म्हणू दे. म्हणलास का न्हाई?"

खरंच, इतकी वर्षं मी 'चाललंय'च म्हणत होतो.

शेवटी माझी प्रवासाची बॅग मांडीवर दिली. तरी कमी पडलं, तेव्हा मावशीने पाण्याची घागर पारड्यात माझ्याशेजारी ठेवली आणि काटा सरळ झाला. निम्मी घागर माझ्या पँटवर सांडली, पण नवस फिटला.

परतीच्या गाडीत डबाभर प्रवाशांना गूळ वाटत आलो. पुण्यात स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, गाठी होत्या तेवढ्याच आहेत, गोळी चालू ठेवा. दवाखान्याच्या पायरीवरूनच मावशीला फोन लावला आणि हे सगळं सांगितलं.

"त्या गाठीचं न्हाई इचारायले," ती म्हणाली. "तू कसा हाईस?"

या खेपेला मी सवयीने उत्तर दिलं नाही. ऊन पाठीवर घेतलं आणि तिच्याच बोलीत म्हणालो, "बरा हाय, मावशी."