शाळेचं जळलेलं छप्पर

शाळेच्या पडवीचं गवती छप्पर भर दुपारी पेटलं. मी तेव्हा सिंदेवाहीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात नवा गुरुजी होतो. पोरं बाहेर पळाली, बायांनी विहिरीवरून घागरी आणल्या, वर्ग कसाबसा वाचला. आग लावणारा चौथीतला गोंड मुलगा मात्र पळाला नाही. आगपेटी हातात धरून चिंचेखाली उभा होता.

हेडगुरुजींनी त्याचा दंड धरला. "कोतवाल, ठाण्यात वर्दी दे. आजच नेऊ दे याला."

कोतवाल काठी घेऊन निघालाच होता. गावचे पाटील म्हणाले, "थांब जरा. याचा बाप येऊ दे."

बाप रानातल्या पाड्यावरून येईपर्यंत ऊन कललं. तोवर मुलगा भिंतीला टेकून बसून होता. पाणी दिलं तेही प्याला नाही. भोवती गाव जमलं. कुणी म्हणालं, आज शाळा जाळली, उद्या घरं जाळील. मला वेगळीच धास्ती होती. पोरगा एकदा ठाण्यात गेला की या शाळेत काय, कुठल्याच शाळेत परत येणार नव्हता.

बाप आला. त्यानं काळे पडलेले वासे पाहिले, मुलाकडे पाहिलं आणि पाटलांना म्हणाला, "ठाण्यात देता त मलेबी द्या, भाऊ. पण पयले त्याले विचारा, काऊन लावली."

तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं.

"हेडगुरुजी मले रोज जनावर म्हणते," मुलगा म्हणाला. "आज सगळ्या पोरायले तसं म्हणायले लावलं."

हेडगुरुजी माझ्याकडे बघू लागले. माझी नोकरी त्यांच्या हाताखालची.

"खरं आहे. मी बाजूच्या वर्गातून ऐकलं," मी म्हणालो.

पाटलांनी कोतवालाला खाली बसवलं. "पोरगा चुकला. छप्पर त्यानं आन बापानं शाकारून द्यावं. आन हेडगुरुजी, तुम्ही पोरायसमोर बोलले, आता पोरायसमोरच त्याले वर्गात घ्या."

"मी वर कळवीन," हेडगुरुजी म्हणाले आणि आत गेले. त्यांनी कळवलं की नाही कोण जाणे. पोलीस आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बापलेकांनी गवताचे भारे आणले. वर्गातली पोरं आपणहून बांबूच्या कामट्या काढून देऊ लागली. संध्याकाळी हेडगुरुजी दारात आले. सगळ्यांदेखत म्हणाले, "उद्यापासून ये. पहिल्या ओळीत बस." माफी काही मागितली नाही. मुलानं बापाकडे पाहिलं. बापानं मान हलवली.

तो चौथी पास झाला. हेडगुरुजी मात्र त्यांची बदली होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले.