बाटली हलवायची नाही

अट्रॅक्टा गिलहूलीने डब्लिनच्या एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काळं पाणी बनवलं. पेन्सिलीतलं ग्राफाइट पाण्यात घुसळायचं, त्याचे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके पातळ पापुद्रे सुटे करायचे, आणि ते पुन्हा एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. पूर्वी हे एका तेलकट द्रावकात व्हायचं. तो पापुद्र्यांना आपला आपण सांभाळून घ्यायचा, पण पोटातल्या बाळाला घातक म्हणून बंद झाला. मग साबण आला. तो प्रत्येक पापुद्र्याला बिलगून त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो.

तिचा नियम एकच. प्रत्येक घाण्यातली एक बाटली खिडकीत ठेवायची आणि ती हलवायची नाही. हलवली की तळाचं वर येतं आणि बिघडलेला मालही चांगला दिसतो. नव्या पोरांना ती सांगायची, "हात लावलास तर बोटं मोडीन."

त्या सोमवारी अकरा वाजता हे काळं पाणी शाई म्हणून विकत घेणारी कंपनी येणार होती. ही शाई तारेऐवजी छापून वापरायची होती, पण तिच्या छापील रेघेतून वीज नीट जात नव्हती, कारण साबण मधे येत होता. कंत्राट गेलं तर प्रयोगशाळेला कुलूप, आणि सत्तावन्नाव्या वर्षी अट्रॅक्टाला दारात तरी कोण उभं करणार?

"अजून एकदा धुऊन बघायचं?" प्रयोगशाळेचा प्रमुख, प्राध्यापक लॉर्कन टूही म्हणाला.

"तीनदा धुतलंय, लॉर्कन. आता उरलेला साबण गेला की खेळ खलास."

"बरं बाई, तुला ठाऊक," म्हणून तो निघून गेला.

चौथ्यांदा धुवायला तिला कुणी लावलं नाही, कंत्राटाच्या धास्तीने ते तिने आपल्या हाताने धुतलं. सगळंच्या सगळं, नमुन्याला घोटभरसुद्धा बाजूला न काढता. असला आततायीपणा तिने सव्वीस वर्षांत केला नव्हता. तासाभरात तळाशी काळा रवा बसला. तिने घाईघाईने साबण ओतला, पण एकदा चिकटलेले पापुद्रे नुसत्या साबणाने सुटत नाहीत, त्यांना पुन्हा तीन दिवस घुसळावं लागतं. साडेदहा वाजले होते.

जिन्यात बोलणं ऐकू आलं तशी तिने त्या बिघडलेल्या मालाची बाटली उचलली, जोरजोरात हलवली आणि टेबलावर ठेवली. तिला स्वतःची किळस आली.

कंपनीकडून आली होती कीलिन हॅनिफी, तिच्याच हाताखाली शिकलेली.

"तुम्ही जराही बदलला नाहीत, अट्रॅक्टा."

"केस बघ की माझे."

"लॉर्कन, काय छळायच्या ह्या आम्हाला! बाटलीकडे नुसतं बघितलं तरी खेकसायच्या."

लॉर्कन हसला. त्याने चहा ओतला, पावसाचा विषय काढला. अट्रॅक्टा बिस्किटांच्या बशीकडे बघत राहिली. बाटलीत वरचं पाणी बोटभर नितळ झालं, मग दोन बोटं. कीलिन बोलता बोलता थांबली.

"हलवलीत?" तिने अगदी हळू विचारलं.

"हो."

लॉर्कनला काहीच कळलं नाही. कीलिनने वही मिटली. मग अट्रॅक्टाने शिकवलं होतं तसा आपला कप विसळून पालथा ठेवला, आणि कोट घेऊन निघून गेली.