रोज दुपारी पुसल्या जाणाऱ्या फायली

तुम्ही दोघं नातवंडं तिकडे संगणकावर काही उतरवून घेता, तेव्हा ते कुठून येतं याचा विचार करत नसाल. बऱ्याचदा ते जवळच्याच एखाद्या मिररवरून येतं. मिरर म्हणजे मूळ साठ्याची हुबेहूब नक्कल. आसपासच्या लोकांना लांब जावं लागू नये म्हणून कुणीतरी आपल्या जागेत ठेवलेली. असा एक मिरर मी आपल्या शहरात उभा केला होता. त्या महिन्यात मी एकदाही धड बसून जेवले नाही.

तेव्हा मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. लागोपाठ दुसरं वर्ष पावसाविना गेलं होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही केव्हा येईल सांगता येत नसे. शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. पडेगावकडे नवे प्लॉट पडत होते, शेंद्र्याच्या कारखान्यांकडे बघून आमच्याकडे प्रवेशाला गर्दी होत होती. या मुलांना आम्ही लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली शिकवायचो, पण ते परदेशातून उतरवायला घेतलं की लाइन अर्ध्यात तुटायची. म्हणून तिच्या प्रोग्रॅमचा सगळा साठाच कॉलेजात ठेवावा, असं मी प्राचार्यांना सुचवलं.

"यंत्र देतो, मॅडम," ते म्हणाले. "पण ते थंड ठेवायला लागणारा कूलर रोज दोन कॅन पाणी पितो. वसतिगृहातली मुलं एका बादलीत अंघोळ करतायत. महिनाभर बघा. मिररच्या अधिकृत यादीत कॉलेजचं नाव आलं तर ठेवू. नाही तर कूलर बंद, आणि यंत्र लायब्ररीला."

यादी सांभाळणारे गृहस्थ परदेशात होते, हौसेनं काम करणारे. साठा सलग सात दिवस अद्ययावत दिसला की नाव घालतो, असं त्यांनी कळवलं. सोपं वाटलं. पहिला मोठा साठा मी पुण्याहून डिस्कवर भरून आणला होता. रोज फक्त नवं तेवढं यायचं. कॉलेज सुटलं की ते काम आपोआप सुरू व्हायचं आणि सकाळी आठला थांबायचं, कारण दिवसा लाइन ऑफिसला लागे.

तरी दोन आठवडे गेले आणि आमचा साठा मागेच. चार दिवस मागे, मग सहा. मी सातलाच जाऊन पडद्यासमोर उभी राहायची; खुर्ची असून बसवत नसे. घरी आले की नळ उघडा ठेवायची आणि कॉलेजात फोन लावायची. तुमचे आजोबा म्हणाले, "इथं असलीस की तिथं, तिथं असलीस की इथं. एका ठिकाणी तरी पुरती थांब."

आमच्या प्रयोगशाळेत एक मामा होते, निवृत्तीला आलेले शिपाई. कूलरला पाणी घालणं आणि माझे कागद फायलीला लावणं ही त्यांची कामं. होय, कागद. रात्रीत कोणत्या फायली आल्या, त्या यादीचं पहिलं पान मी रोज छापायची, तारीख घालायची आणि मामांकडे द्यायची. स्टाफरूममध्ये यावर हसत.

एका सकाळी मामा कागदाला भोकं पाडायचा पंच हातात धरून थांबले.

"मॅडम, हे कालचंच पान हाय."

"आजचं आहे, मामा. तारीख बघा."

"तारीख आजची हाय. नावं कालची हायेत. परवाची बी."

"नावं सारखी दिसतात. पुढचे आकडे बदलतात."

"आकडे बी तेच. चष्मा लावून बघितलं मी."

मी तीन दिवसांची पानं शेजारी ठेवली आणि माझे कान तापले. पहिल्याच आठवड्यात डिस्क भरत आलेली बघून मी साफसफाई केली होती. एकाच प्रोग्रॅमच्या दोन-तीन आवृत्त्या शेजारी पडलेल्या मला बघवल्या नाहीत. जुन्या आवृत्त्या रोज दुपारी आपोआप पुसाव्यात, अशा दोन ओळी मी लिहिल्या आणि विसरून गेले. पण ती अडगळ नव्हती. जुनी यंत्रं वापरणाऱ्यांसाठी मूळ साठ्यात त्या मुद्दाम ठेवलेल्या होत्या. मी दुपारी पुसायची आणि रात्री यंत्र त्या इमानानं परत आणायचं. नावांच्या अक्षरक्रमानं आणत निम्म्यापर्यंत पोचेतो सकाळचे आठ वाजायचे. पुढच्या फायलींची पाळीच येत नव्हती.

मामांना सांगितलं. "म्हंजी तुम्ही झाडायचं अन् त्यानं परत आणून टाकायचं," ते म्हणाले. "मग त्या लाइनवाल्याला कशापायी बोलत होता?"

लाइनवाल्याला मी तीनदा फोनवर झापलं होतं. चौथा फोन माफीचा केला.

त्या दोन ओळी काढल्या तेव्हा महिन्याचे नऊ दिवस उरले होते. साठा दुसऱ्या रात्री पुरा झाला. डिस्क जेमतेम पुरली. उरले बरोबर सात. एकही चुकून चालणार नव्हता, आणि त्यातल्या पाचव्या दिवशी टँकर आला नाही. "कूलरला थेंब मिळणार नाही," असा प्राचार्यांचा निरोप आला. घरी मी भाज्या धुतलेलं पाणी झाडांसाठी साठवत असे. ते फडक्यातून गाळून दोन कॅन भरले आणि स्कूटरवर पायाशी ठेवून नेले. तीन दिवस सर्व्हरच्या खोलीत मेथीचा वास येत होता.

नाव आलं त्या सकाळी मी मामांना पडदा दाखवला. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"कॉलेजचं हाय."

"हो."

"मेथीचं कुठं दिसंना."

प्राचार्यांनी कूलर राहू दिला, पण पाऊस पडेपर्यंत पाणी मॅडमच्या घरचं, या अटीवर. मी ते आणत राहिले. मुलं पेन ड्राइव्ह घेऊन यायला लागली, दुसऱ्या कॉलेजांतलीही. आणि त्या फोल्डरमध्ये एकाच प्रोग्रॅमच्या तीन-तीन आवृत्त्या ओळीनं दिसल्या की माझे हात अजून शिवशिवायचे. मग मी उठून खिडकीशी जायची आणि मामा कूलरमध्ये पाणी ओतेपर्यंत तिथंच उभी राहायची.