पाय दिसल्याशिवाय नाव नाही

आमच्या दाजींनी जन्मात जेवढे गरुड पाहिले, तेवढे एखाद्या गरुडानेही पाहिले नसतील. पण नाव घेऊन ओळखलेले मात्र अगदी मोजके. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. आठवडाभर इचलकरंजीत सुताचा व्यापार आणि रविवारी आंबा घाटातलं जंगल. बाकीचे लोक पिसांच्या रंगावरून, शिळेवरून गरुड ओळखतात. दाजींचा एकच नियम: पाय दिसल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. बोटांपर्यंत पिसं असली तर मोरघार, पिवळे उघडे पाय असले तर सर्पगरुड. "रंग वयाबरोबर बदलत्यात, पाय बदलत न्हाईत," हे त्यांचं तत्त्वज्ञान. लेकीला पाहायला आलेल्या मुलालाही ते भर बैठकीत म्हणाले होते, "पावणं, मोजं काढा की जरा." तरीही लग्न जमलं, हा जावयाचा मोठेपणा.

मान दुखते म्हणून दाजी घाटात रस्त्याकडेला सतरंजी टाकून उताणे पडतात. एकदा एका टेम्पोवाल्याने "आरं, फिट आली!" म्हणत पायातली चप्पल काढून त्यांच्या नाकाला लावली. दाजींनी डोळ्यांवरची दुर्बीण हलवली नाही. "जरा बाजूला धरा, गरुड झाकतोय," एवढंच बोलले.

एक गरुड मात्र त्यांना कधीच भेटला नव्हता, तांबूस पोटाचा; मोरघारीसारखीच त्याच्याही पायांना बोटांपर्यंत पिसं. गेल्या हिवाळ्यात कमरेचं ऑपरेशन ठरलं आणि अक्काने बजावलं, "ह्यापुढं घाट बंद." शेवटचा रविवार म्हणून मीच गाडी काढली. दुपारी झाडांच्या शेंड्यांवरून तो आला. काळं डोकं, पांढरा गळा, विटकरी पोट. दुसरा कुणी असणंच शक्य नव्हतं. पण पाय पोटाच्या पिसांत मिटलेले. दोन घिरट्या घेऊन तो डोंगरापलीकडे गेला.

"पावणं, पाय दिसलं का?" दाजींनी दुर्बीण न हलवताच विचारलं.

मलाही दिसले नव्हते. "दिसलं की दाजी! पिसं हुती, पार बोटांपतुर."

दुर्बीण उतरवून ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. "खोटं बोलणं तुमचं काम न्हवं. कान बघा कसं लाल झाल्यात. चला, उठवा मला."

परतीच्या वाटेवर ते नेहमीसारखे बोलत होते. हल्ली ते गच्चीवर खुर्ची टाकून घारी बघतात. माझ्या मनाला एरवी साध्या थापेचीही टोचणी लागते. त्या दिवशी खोटं बोललो, याची मात्र लागत नाही. ते नीट जमलं नाही, याची लागते.