ठिपकीची माया

सिन्नरच्या सहादूला आपल्या ठिपकी गायीचा भारी अभिमान. धार काढून झाली की ती त्याचा घामेजलेला हात कोपरापर्यंत चाटायची. "पोटच्या पोरांपरीस हिची माया लय हाय," असं तो गावभर सांगायचा.

एकदा जनावरांच्या डॉक्टरांनी ते पाहिलं. "माया कसली! नुसत्या मक्याच्या मुरघासाच्या चाऱ्यावर भागत नाही तिचं. मीठ, खनिजं कमी पडतात, म्हणून घाम चाटते. रोज खनिज मिश्रण द्या."

सहादू चिडला, पण देऊ लागला. महिन्याभरात ठिपकीचं अंग तुकतुकीत झालं, दूध वाढलं. त्यानं हात पुढं केला, तर तिनं नुसता हुंगला आणि गव्हाणीत तोंड घातलं.

"म्हंजी मी निस्ता मिठाचा खडाच व्हतो व्हय?" तो बायकोवर खेकसला.

दुसऱ्या सकाळी त्यानं मुरघासात मिश्रण नीट कालवलं आणि मग, बाही वर सारून, हात पुढं धरला.