एक जूनचा आडोसा

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. शेवटच्या आजारपणात ती दोनदा म्हणाली, तुमच्या मनात काहीतरी आहे. मी म्हणालो, छे, काय असणार? आता ती नाही. तुम्ही आहात. आणि तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

मी प्राथमिक शिक्षक होतो. इंदापूर तालुक्यात, कळस गावापासून आत, उसाच्या रानांमध्ये एक वस्ती आहे, तिथली शाळा. पहिली ते पाचवी, खोल्या दोन, शिक्षक दोन. मुख्याध्यापक मीच. दुसरे गुरुजी कधी प्रशिक्षणाला, कधी निवडणुकीच्या कामाला, कधी नुसतेच रजेवर. म्हणजे पाच वर्ग माझ्या एकट्याच्या अंगावर. अशा वेळी आम्ही मास्तर काय करायचो, सांगू? वर्गातलं सगळ्यात हुशार मूल हेरायचो आणि खालच्या वर्गावर बसवायचो. त्याचं काम आधी झालेलंच असतं ना — मग घे पहिलीचे पाढे, तपास दुसरीचं शुद्धलेखन. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. मलाही वाटायचं.

रेखा अशीच होती. वस्तीवरच्या ज्ञानदेवरावांची थोरली मुलगी; घरात त्यांना तात्या म्हणत. त्यांची थोडी डाळिंबाची बाग, बाकी ऊस. मी फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत ही उत्तर काढून मोकळी. पाटी पालथी ठेवायची आणि माझ्याकडे बघत राहायची. त्या बघण्याला मी दर वेळी एकच उत्तर दिलं — जा, पहिली सांभाळ. माझ्या कपाटात अवघड गणितांची चांगली पुस्तकं होती. सरकारनंच पाठवलेली, अशाच मुलांसाठी. त्यातलं एक पान तरी तिला द्यावं, असं मला का वाटलं नाही?

नाही, हे खरं नाही. वाटलं होतं. ती चौथीत असताना एक दिवस वाटलं, आणि त्याच दिवशी ते मोडलं. शंभर मीटरच्या बांधावर दर पाच मीटरला एक झाड, तर झाडं किती? मी फळ्यावर वीस लिहिलं. मागून रेखाचा आवाज आला, "गुरुजी, पहिलं झाड न्हाय धरलं. आमच्या डाळिंबाचं खड्डं घेताना तात्यांचं बी असंच चुकलं हुतं." पोरं हसली. ती हसली नाही, तिला ते नुसतं सांगायचं होतं. मी वीस पुसून एकवीस केलं आणि म्हणालो, लई शहाणी झालीस, बस खाली. पुस्तकांचं ते कपाट तिच्यासाठी कधी उघडलं नाही.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं.

ती पाचवीत गेली आणि निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेचे अर्ज आले. तालुक्यातून मोजकीच मुलं घेतात. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथंच, बारावीपर्यंत. अर्जावर मुख्याध्यापकाची सही आणि शिक्का लागतो. ज्ञानदेवरावांनी कुठूनसं ऐकलं आणि मधल्या सुट्टीत सायकल भिंतीला लावून आत आले. टोपी हातात. "गुरुजी, रेखीला बसवायची का? तुमी म्हनाल तसं."

तुमी म्हनाल तसं. मी काय म्हणालो असेन?

त्या वर्षी दुसरे गुरुजी बदलून गेले होते, त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. पहिली आणि दुसरी अख्खी रेखावर चालली होती. परीक्षेची तयारी म्हणजे तिला रोज तासभर तरी घेऊन बसायचं — मग ती पोरं कोण सांभाळणार? आणि ती निवडली गेली असती, याची मला खात्री होती. खात्री होती म्हणूनच मला ते नको होतं; माझी चूक काढणारी पोर माझ्यापुढं जाणार होती. हे दुसऱ्यांदा वाचू नका, मला लिहितानाच जड जातंय.

मी रजिस्टर काढलं. आमच्याकडे त्या काळी मुलाची जन्मतारीख घरच्यांना ठाऊक नसायची. पहिलीत नाव घालताना मास्तरच अंदाजानं वर्ष धरायचे आणि तारीख टाकायचे, एक जून. वस्तीवरच्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनला. रेखाची तारीख मीच टाकली होती. त्या ओळीवर बोट ठेवून मी म्हणालो, "वय बसत नाही हो, ज्ञानदेवराव. थोडक्यात जास्त भरतंय."

त्यांनी ओळ वाचली नाही, माझ्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "माजंच चुकलं. बहिनीच्या लग्नाच्या गडबडीत पोरगी साळंत उशिरा घातली." आणि टोपी घालून गेले.

वय बसत होतं. काही महिने हातात राखून बसत होतं. कोरा अर्ज शेवटच्या तारखेपर्यंत माझ्या टेबलाच्या खणात होता, नंतर मी तो फाडला.

रेखा निमगाव केतकीला दहावी झाली, पहिली आली. बारावीनंतर लग्न झालं, बारामतीजवळच्या गावात. मी निवृत्त होऊन बारामतीत मुलाकडे आलो. दोन वर्षांपूर्वी जुन्या विद्यार्थ्यांनी वस्तीवर माझा सत्कार केला. रेखा बोलायला उभी राहिली. "गुरुजींनी मला पाचवीतच मास्तरीण केलं," म्हणाली. टाळ्या पडल्या. ज्ञानदेवराव पुढच्या रांगेत होते, पार थकलेले. खाली उतरल्यावर माझा हात धरून म्हणाले, "तुमचा काय दोष न्हाय गुरुजी. आमीच साळंला उशीर केला." मी हात सोडवून घेतला नाही.

ते मागच्या वर्षी गेले.

आता रेखाची मुलगी पाचवीत आहे. जूनमध्ये रेखा त्याच परीक्षेची माहिती घेऊन माझ्याकडे आली. मुलीचा जन्मदाखला दवाखान्यातला, पक्का. वयाच्या अटीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "गुरुजी, ही अट माझ्या वर्षाला लावली तर मी बसते की. मी मांडून बघितलं." राग नव्हता आवाजात. तिला कोडं पडलं होतं.

मी म्हणालो, "तेव्हा नियम वेगळे होते."

"व्हय का," ती म्हणाली. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि कागद पिशवीत घातले.

नियम तेच होते. हे दुसरं खोटं मी पंच्याहत्तरीला आल्यावर बोललो. या वेळी माझ्या अंगावर पहिलीचा वर्ग नव्हता, दुसरीचा नव्हता.

तिला कळलं असेल का? माहीत नाही. विचारायची माझ्यात ताकद नाही. दर रविवारी दोघी एसटीनं येतात. मी मुलीला गणितं घालतो, अवघडातली अवघड. रेखा शेजारी बसते, पिशवीतून एखादं पाठकोरं जुनं बिल काढते आणि तीच गणितं सोडवते. तिचं आधी सुटतं. मुलीला दिसू नये म्हणून कागदावर हात ठेवते. मला दिसतं. मी मान खाली घालून पुढचं गणित सांगतो.